तीन चहांचं अंतर

रबाबने दोन वर्षं खपून केलेल्या कामाला तर्तूर गल्लीत सगळे ‘वंशावळ’ म्हणायचे. तिने पहिल्याच दिवशी खरं नाव सांगितलं होतं, ऑन्टोलॉजी. त्यावर तिचे मामा हाजी बय्यूमी म्हणाले, "हे नाव उच्चारून होईपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलेलं असेल." त्या नावाचा निकाल तिथेच लागला.

कैरोच्या सबतिय्या भागातल्या या गल्लीत दुकानं एकोणीस, आणि सगळी यंत्रांच्या सुट्या भागांची. सर्वांत जुनं दुकान मामांचं. त्याच्या पाटीवर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘बय्यूमी आणि’ एवढंच लिहिलेलं होतं. आणि कोण, ते अकरा वर्षांपूर्वी पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढलं होतं. ‘आणि’ तेवढा राहून गेला होता, आणि त्याबद्दल मामांना विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

रबाब याच गल्लीत लहानाची मोठी झाली. इंजिनीयर झाली त्या दिवसापासून सगळे तिला बाशमुहंदिसा, म्हणजे इंजिनीयरबाई, म्हणू लागले, अगदी तिचं नाक पुसलेले लोकसुद्धा. तिने पाहिलं होतं की या धंद्यात प्रत्येक वस्तूला चार नावं आहेत. पोर्ट सैदचा आयातदार जिला नुसत्या नंबराने ओळखतो, तिला गल्लीतले दुकानदार ‘मधली जर्मन’ म्हणतात, आणि खेड्यातला मेकॅनिक फोनवर सांगतो, "ती डावीकडची बांगडी हो, कुरकुरते ती." मग चुकीचा माल जातो, परत येतो, आणि मधल्या मध्ये सगळे एकमेकांच्या आयांचा उद्धार करतात. रबाबने हे सगळे धागे एकत्र बांधले. कोणती वस्तू कशाच्या पोटात बसते, कुणाचं काम कोण करू शकतं, कोण कुणाचा सख्खा भाऊ आणि कोण नुसता आडनावबंधू, हे सगळं तिने कॉम्प्युटरला समजावून सांगितलं. आता खेड्यातल्या मेकॅनिकने ‘डावीकडची बांगडी’ असं लिहिलं तरी पोर्ट सैदला नेमकी वस्तू कळायची, आणि गल्लीत ती कुणाकडे आहे तेही पडद्यावर दिसायचं.

"आता बेअरिंगांची लग्नंपण जमवणार का, बाशमुहंदिसा?" शेजारचे दुकानदार हाजी हमामा यांनी विचारलं होतं.

"तुमच्या दुकानातल्या मालाचं वय बघता, हाजी, पहिली बोलणी तुमच्याकडेच करायला हवीत," रबाब म्हणाली होती.

एकोणीस जणांना तयार केलं ते मामांनी. भाताची कापणी संपेपर्यंत वंशावळ चालवून बघू, असं ठरलं. पण मामांनी अट घातली होती, आणि तीही सगळ्यांसमोर. "या गल्लीतून आजवर गिऱ्हाईक हात हलवत परत गेलेलं नाही. तुझ्या यंत्रापायी एक जरी गेलं, तरी त्याच संध्याकाळी ते बंद. तू माझी भाची असलीस तरी." रबाबने हसत मान्य केलं होतं. तेव्हा तिला आपल्या कामात चूक शोधायला भिंग लागेल असं वाटत होतं.

बुधवारी दुपारी कफ्र अल-शेखहून फोन आला. तिकडच्या कापणीवाल्यांच्या सहकारी संघाचा प्रमुख, रय्यिस अब्दुलमौला. आवाज असा की फोन हातभर लांब धरावा लागला.

"पोरी, माझी सहा हार्वेस्टर एकाच आठवड्यात बसली. कुणीतरी भेसळीचं ऑइल गळ्यात मारलं, आणि सहाच्या सहा हायड्रॉलिक पंप गेले. जुनी जपानी यंत्रं आहेत. एक आयातदार म्हणतो दहा दिवसांत आणून देतो. दहा दिवसांत भात शेतात झडून जाईल आणि मी कोंबड्यांना आवतण देत फिरेन. तीन गावांना शनिवार सकाळ सांगून बसलोय."

रबाबने वंशावळीत पाहिलं. गल्लीतल्या नऊ दुकानांनी त्या पंपापुढे ‘आहे’ अशी खूण केली होती, प्रत्येकी एक. तिला इतका आनंद झाला की तिने नीट श्वासही घेतला नाही.

"रय्यिस, उद्या गुरुवारी सकाळी गाडी घेऊन या. सहाही घेऊन जा."

"नक्की? मग मी त्या आयातदाराला नको म्हणून सांगतो. दोन ठिकाणी बोलणं बरं दिसत नाही."

"सांगा. माझा शब्द."

गुरुवारी सकाळी रय्यिस यायच्या आधी पंप एका जागी गोळा करून ठेवावेत म्हणून ती लवकर बाहेर पडली. पहिलं दुकान हमामाचं.

"आहे ना. बस, चहा घे. गोदामातून आणायला माणूस धाडलाय."

ती बसली, चहा प्यायली, पंप काही आला नाही. तिला वाटलं, तोवर पुढचा घेऊ. पुढे इद्रीसचं दुकान. "आहे ना, बाशमुहंदिसा. बस, चहा घे. गोदामातून येतोय." तिसऱ्या दुकानातही तेच, फक्त साखर थोडी जास्त. तीन चहा पोटात घेऊन ती कोपऱ्यावरच्या जकीच्या दुकानापाशी आली, तर पायरीवर अम्म शहाता बसून एकटाच हसत होता.

अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका, गल्लीचा हमाल. साठी कधीच ओलांडलेली, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या, आणि एकोणीसही दुकानांचं ओझं त्याच्याच पाठीवर. जकीच्या काउंटरवर एक पंप ठेवला होता. पंपाशेजारी जकी दोन्ही हात पसरून असा उभा होता की जणू कुणी त्याची लेक पळवून न्यायला आलंय.

"हसताय काय, अम्म शहाता?"

"मला हमामाने धाडलं, जकीकडून पंप आण. वाटेत इद्रीसने चिठ्ठी दिली, जकीकडून पंप आण. मग तिसऱ्याने. ही चौथी खिशात आहे, अजून उघडली नाही, पण पैज लावतेस?" त्याने डोळे पुसले. "जकीला वाटतंय लढाई सुरू झाली."

रबाब त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिला एकदम सगळं दिसलं, आणि ते इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं याची लाज वाटली. तर्तूर गल्लीत गोदाम नव्हतंच. दुकानं एवढी अरुंद की दोन जाडी गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पाठमोरं बाहेर पडावं लागे. गोदाम कुठून असणार? गोदाम म्हणजे शेजारी. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे आपल्या हाताने दार लावून घेणं, म्हणून ते कुणी म्हणतच नसे. ‘आहे, बसा’ म्हणायचं, चहा मागवायचा, आणि चहा संपेपर्यंत शहाताने तो माल जिथे असेल तिथून आणायचा. माल जवळ असला तर साधा चहा. लांब असला तर मागून पुदिन्याचा. फारच लांब असला तर कुशारीची ताटली, म्हणजे जेवणच. सहा वर्षांची असताना मामांच्या काउंटरवर पाय हलवत बसून तिने हे रोज पाहिलं होतं. आणि तिनेच फॉर्मवर छापलं होतं: ‘ही वस्तू तुमच्याकडे आहे का?’ नऊ जणांनी प्रामाणिकपणे ‘आहे’ लिहिलं होतं. नऊही जणांच्या मनात जकीचा हाच एक पंप होता.

ती तडक मामांकडे गेली.

"मामा, तुम्ही पंपापुढे ‘आहे’ लिहिलंत."

"आहेच."

"कुठे आहे?"

"जकीकडे."

"मग तो जकीकडे आहे."

"जकीकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे. तीस पावलं. तुझ्या आईच्या घरातली साखर तुझी नव्हे का? तिथे जाऊन फॉर्म भरतेस?"

"साखर सहा जणांनी एकदम मागितली तर, मामा?"

मामांनी जपमाळेचे दोनतीन मणी ओढले. त्यांना मुद्दा कळला होता. चेहऱ्यावर तसं दिसू द्यायची त्यांची पद्धत नव्हती. "सहा जणांनी एकदम यायचं कशाला?" ते म्हणाले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पिकअप येऊन थांबली आणि रय्यिस अब्दुलमौला खाली उतरला. माणूस आवाजाला साजेसा होता. पायघोळ गलाबिया आवरत, काखेत कापडात गुंडाळलेल्या फतीरच्या तुपाळ पोळ्या आणि हातात चीजची बरणी घेऊन तो आला, आणि ओळख ना पाळख, सगळ्या गल्लीला सलाम करत सुटला. "बायकोने दिलंय. म्हणाली, जी पोरगी शब्द देते तिला रिकाम्या हाताने भेटू नकोस."

गोल गोल बोलून वेळ काढता आला असता, गल्लीत ती विद्या फुकट मिळत होती. पण रबाबने त्याला बाजूला नेऊन सरळ सांगितलं. नऊ नाहीत, एक आहे. चूक माझी आहे.

रय्यिसने चीजची बरणी खाली ठेवली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज खाली गेला की तो ऐकवत नाही.

"तुझ्या शब्दावर मी आयातदाराला नको म्हटलं," तो हळूच म्हणाला. "तीन गावं, दोन-दोन यंत्रं. सहावं यंत्र माझ्या सासुरवाडीला जायचंय. बाकीचे मला माफ करतील, पोरी. ती माणसं करणार नाहीत."

रबाबला रडू येत होतं, आणि रडायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. त्यामुळे आज तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या बांगेनंतर, गल्ली बंद होणार होती. ती जकीच्या पायरीकडे बघत राहिली. शहाता खिशातली चौथी चिठ्ठी उघडून वाचत होता आणि पुन्हा हसत होता. जकीचा पंप जवळ म्हणून सगळे जकीकडे माणूस धाडतात. जकीकडचा संपला तर? मग कुठे धाडतील? प्रत्येकाची एक दुसरी जागा असणारच: कुणाचा मेव्हणा, कुणाचा भंगारवाला, कुणाचा जुना मालक. ती जागा ते रबाबला मेले तरी सांगणार नाहीत, फॉर्मवर तर नाहीच. ती त्यांची भाकरी होती. पण गिऱ्हाईक समोर बसलं तर ‘नाही’सुद्धा म्हणणार नाहीत.

"रय्यिस, तुम्हाला चहा किती चालतो?"

"का?"

"खूप प्यावा लागेल."

आधी त्यांनी जकीचा पंप घेतला आणि तो सगळ्या गल्लीला दिसेल असा पिकअपच्या मधोमध ठेवला. रय्यिसने त्याला पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखं पोत्यावर बसवलं. मग दोघं हमामाकडे गेले.

"हाजी, जुन्या जपानी हार्वेस्टरचा हायड्रॉलिक पंप हवाय. एक."

हमामाने पिकअपकडे पाहिलं. जकीच्या रिकाम्या काउंटरकडे पाहिलं. मग रबाबकडे असं पाहिलं की तिने लहानपणी फोडलेल्या सगळ्या काचा त्याला पुन्हा आठवल्या असाव्यात.

"आहे ना," तो म्हणाला. "बसा. चहा घ्या."

आणि त्याने भिंतीकडे तोंड करून, फोनवर हात धरून, कुणाशी तरी कुजबुज केली. चहा झाला, पुदिन्याचा झाला. अर्ध्या तासाने मोटरसायकल आली आणि तिच्या मागे दोरीने बांधलेला पंप.

"गोदामातून," हमामा मान वर न करता म्हणाला.

"तुमचं गोदाम भलतंच मोठं असणार," रय्यिस म्हणाला.

"अल्लाची कृपा."

रबाबच्या मांडीवर वही होती. पंप कुठून आला हे तिने विचारलं नाही आणि लिहिलंही नाही. तिने लिहिलं: हमामा, दोन चहा.

इद्रीसकडेही दोन चहा लागले. त्याच्या बायकोच्या भावाचा शुब्रात कारखाना होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त इद्रीसला ते सगळ्यांना ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन दुकानांत गंमत झाली. दोघांनीही पाठमोरं होऊन फोन केले, आणि दोघांचा भंगारवाला एकच निघाला. तो एक पंप घेऊन गल्लीत आला आणि मधोमध उभा राहून दोन्हीकडे बघत राहिला. दोन्ही दुकानदारांनी तो ओळखीचा नाही असा चेहरा केला. शेवटी पंप ज्याच्या दाराशी सावली होती त्याच्याकडे गेला. दुसऱ्याने रय्यिसला तिसरा चहा पाजला आणि "गोदामाची किल्ली हरवली" असं सांगितलं. आठवं दुकान होईपर्यंत आणखी दोन किल्ल्या हरवल्या. पण कुणीही ‘नाही’ म्हटलं नाही.

दुपारच्या नमाजाला पिकअपमध्ये पाच पंप होते आणि रय्यिसचा चेहरा हिरवट झाला होता. "पोटात कालवा वाहतोय," तो म्हणाला. "या पाण्यावर माझा अर्धा एकर भिजला असता."

नववं दुकान मामांचं. रबाबने ते मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. मामांनी लिहिलं होतं जकीच्या भरवशावर. आता त्यांच्याकडे काय असणार याची तिला कल्पना नव्हती, आणि अट आठवत होती.

"बसा," मामा म्हणाले. त्यांनी फोन उचलला नाही. दारात उभ्या असलेल्या शहाताकडे नुसतं पाहिलं. शहातानेही त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग गुडघ्यांच्या पट्ट्या आवळून तो भाजीबाजाराच्या दिशेने चालू लागला.

चहा आला. पुदिन्याचा आला. मग मामांनी कुशारी मागवली. रय्यिसने तीन चमचे खाल्ले आणि ताटली हळूच रबाबकडे सरकवली. हमामा काही काम नसताना दारात येऊन उभा राहिला, मग इद्रीस आला. पाच पंप बाहेर उन्हात तापत होते.

"मामा, अम्म शहाता कुठे गेलाय?"

"गोदामात."

"मामा."

"कुशारी खा. निवतेय."

शहाता परत आला तेव्हा अस्रला पाऊण तास उरला होता. हात रिकामे होते. त्याने पायरीवर बसून आधी एक पट्टी सोडली, मग दुसरी.

"पंप आहे," तो म्हणाला. "पण तो म्हणतो, ज्याला हवा त्याने स्वतः यावं."

"कोण म्हणतो?" मामांनी विचारलं.

"कोण म्हणतो म्हणे." शहाताने मान हलवली. "हाजी गुनैम म्हणतो. आणखी कोण?"

गल्लीत हे नाव अकरा वर्षांत कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. गुनैम म्हणजे मामांचा वीस वर्षांचा भागीदार. नवी पाटी रंगवायला घेतली तेव्हा कुणाचं नाव आधी यावं यावरून दोघांचं वाजलं. गुनैम म्हणाला मी वयाने मोठा. मामा म्हणाले जागा माझ्या बापाची. रंग वाळायच्या आत भागीदारी मोडली आणि गुनैमने रेल्वेपुलापलीकडे दुकान थाटलं. पुलावरून चालत पाच मिनिटं. तेव्हापासून दोघांपैकी एकही त्या पुलावर चढला नव्हता.

"त्याचा माझा संबंध काय?" मामा म्हणाले.

"संबंध मला विचारा," शहाता म्हणाला. तो ओरडला नाही, नुसता दमला होता. "अकरा वर्षं तुमच्या गिऱ्हाइकाला लागलं की मी त्याच्याकडून आणतो. त्याच्या गिऱ्हाइकाला लागलं की तुमच्याकडून नेतो. माल कुठून येतो ते तुम्हाला माहीत, कुठे जातो ते त्याला माहीत. आणि माहीत नाही असं दिसायला हवं, म्हणून मी पुलावरून न जाता भाजीबाजारातून वळसा घालून जातो. गल्लीतल्या सगळ्या फेऱ्या मोजल्या ना, बाशमुहंदिसा, तर सर्वांत जास्त याच रस्त्यावर निघतील. आज माझे गुडघे म्हणाले, बस झालं."

रबाबच्या पडद्यावर एकोणीस दुकानांमधल्या कितीतरी रेषा होत्या. सर्वांत जाड रेषा त्यात नव्हतीच. फॉर्मवर ती कुणी लिहिली नव्हती, कारण लिहिली असती तर दोघांना ती वाचावी लागली असती.

रय्यिस अब्दुलमौला उठून उभा राहिला. मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "राहू दे, हाजी. पाच काही थोडे नाहीत. सासरच्यांना मी बघून घेईन. तुम्ही फक्त सांगा की नाहीये, म्हणजे मी निघतो."

त्याने मामांना सुटकेचं दार उघडून दिलं होतं. एक शब्द म्हणायचा होता. रबाबने खाली पाहिलं. वंशावळ बंद झाली तरी चालेल, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं. दोन वर्षं वाया गेली तरी चालेल, पण मामांच्या तोंडून सगळ्यांसमोर तो शब्द निघायला नको. ती त्यांना इतकी वर्षं ओळखत होती आणि आज पहिल्यांदा ते तिला म्हातारे दिसले.

मामांनी जपमाळ खिशात टाकली. काउंटरखालून बूट ओढून काढले, कारण दुकानात ते सपाताच घालत. बूट घालायला त्यांना बराच वेळ लागला.

"बसा," ते रय्यिसला म्हणाले. "आहे म्हटलं ना." मग चहावाल्याला हाक मारली. "यांना एक साधा चहा. साखर बेताची."

आणि ते निघाले. भाजीबाजाराकडे नाही, सरळ पुलाकडे. हमामा दारातून पुढे झाला, इद्रीस त्याच्या मागे, जकी काउंटरवर चढून बघू लागला. पुलाच्या पायऱ्या मामा कठड्याला धरून चढले, वर एकदा थांबले, आणि पलीकडे उतरले.

चहा आला. रय्यिसने पेल्याला हात लावला नाही. "पिऊन संपला आणि ते आले नाहीत तर?" तो म्हणाला. "असाच राहू दे."

रबाबने पेल्यावरची वाफ पाहिली. त्यानंतर तिने फक्त पुलाकडेच पाहिलं.

वाफ जायच्या आत पुलावर दोन डोकी दिसली. मामा आणि त्यांच्याहून वीतभर उंच, पांढऱ्या मिशांचे हाजी गुनैम. दोघांच्या मध्ये गोणपाट, गोणपाटात पंप. तेवढा पंप एका माणसालाही उचलता येतो. शहाता तसे दोन उचलायचा. पण एक टोक मामांनी धरलं होतं, एक गुनैमने, आणि कुणीच सोडायला तयार नव्हतं.

"डावीकडे घे," गुनैम म्हणत होते.

"माझ्या गल्लीत मला डावी-उजवी शिकवू नकोस."

"तुझ्या बापाच्या जागेत तुला कोण शिकवणार. पायरी आहे, बघ."

"ठाऊक आहे मला पायरी."

मामांना पायरीची ठेच लागली. शहाता पुढे होऊन पंप घेऊ लागला, तर दोघंही एकदम म्हणाले, "तू बस." मग त्यांनी तो स्वतःच पिकअपमध्ये ठेवला, सहावा. रय्यिस अब्दुलमौलाने तो निवत आलेला चहा एका घोटात संपवला आणि दोघा म्हाताऱ्यांना कडकडून मिठ्या मारल्या. रबाबच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भात कापून झालं की पोतं पाठवतो. आणि पोरी, माझ्या घरी आलीस तर चहा विचारणार नाही." पिकअप अस्रच्या बांगेबरोबरच गल्लीतून बाहेर पडली.

गुनैम दुकानाबाहेर उभे राहून पाटीकडे बघत होते.

"‘आणि’ खोडला नाहीस," ते म्हणाले.

"रंगारी पळून गेला," मामा म्हणाले.

"अकरा वर्षांत दुसरा रंगारी मिळाला नाही?"

"बसतोस की असाच उभा राहणार?"

गुनैम बसले. त्यांच्यासाठी पेला आला तेव्हा त्यांनी पहिल्याच घोटाला साखर कमी असल्याची तक्रार केली, आणि मामांनी न बोलता साखरेचा डबा पुढे सरकवला. आजूबाजूची दुकानं बंद होत होती, पण शटर ओढून झालं तरी कुणी घरी जाताना दिसत नव्हतं.

रबाबने मांडीवर लॅपटॉप उघडला. ‘ही वस्तू तुमच्याकडे आहे का?’ हा प्रश्न तिने दुपारीच पुसला होता. त्याच्या जागी आता दोन प्रश्न होते, आणि जागा सांगितलीच पाहिजे अशी सक्ती कुणावर नव्हती.

"मामा, एवढं भरून घेते. हार्वेस्टरचा पंप. मिळतो?"

"मिळतो."

"किती चहांच्या अंतरावर?"

"तीन," पायरीवरून शहाता म्हणाला. "तिसऱ्यानंतर कुशारीसुद्धा. लिही, मी चाललोय तो रस्ता."

मामांनी समोर पाहिलं. गुनैम आता साखर जास्त झाल्याची तक्रार करत होते.

"एक लिही," मामा म्हणाले.